चेनसॉ वारंवार बिघडते? मशीन उघडण्याआधी भुसा बघा

"चालूनच नाही राहिली जी. पाच मिनटं चालते अन् मंग बंद पडून जाते."

दिवाळी झाली, धान निघालं, बांध्या (धानाची खाचरं) मोकळ्या झाल्या की हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात याच दिवसांत धुऱ्यावरच्या बाभळी निघतात, परवानगी काढून वावरातला साग तोडला जातो, वर्षभराच्या सरपणाची सोय होते. मी मूळचा ऑइल इंजिनचा मिस्त्री. आता हिवाळ्यात माझ्या टेबलावर निम्म्याहून जास्त चेनसॉच असतात.

तक्रारी तीनच. गरम होऊन बंद पडते, तिरपी कापते, आणि चेन आठ दिवस टिकत नाही. आणणारा प्रत्येक वेळी एकच तक्रार सांगतो, म्हणून एकच गोष्ट दुरुस्त होते आणि पंधरा दिवसांनी तीच मशीन दुसरं दुखणं घेऊन परत येते. खरं तर ही बहुतेक वेळा एकच साखळी असते: चेन बोथट, म्हणून माणूस दाबून कापतो, दाबलं की इंजिन आणि बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) तापतात, तापलेल्या बारवरचं ऑइल जळतं, कोरडी चेन बारची खाच खाते, खाच रुंद झाली की चेन कलते आणि काप तिरपा जातो. त्यामुळे कार्बरेटर खोलण्याआधी मी भुसा बघतो.

मागच्या थंडीत सिंदेवाहीकडचे एक मामा मशीन घेऊन आले. स्टिकरवर 58 सीसी, बार 22 इंची, आणि टोकाकडे बारची कड निळी पडलेली. मी बाजूचं कव्हर काढलं तर आत सागाचा भुसा ठासून भरलेला, ज्वारीच्या पिठासारखा बारीक, वर काळ्या तेलाचा चिखल. मामा म्हणाले, "कार्बोटरच खराब आहे, तुम्ही थोच बदलून द्या." मी त्यांच्या तळहातावर तो भुसा ठेवला. धारदार चेन पीठ काढत नाही. ती लाकडाचे तुकडे काढते, सोललेल्या पेन्सिलच्या सालीसारखे, हाताला टोचतील असे. पीठ पडायला लागलं म्हणजे दात कापत नाहीत, घासताहेत. त्या दिवशी आम्ही कार्बरेटरला हातही लावला नाही.

चेन लवकर का बोथटते

पहिलं कारण झाडातच आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच कण. वाळलेला साग कापताना दाताची धार जितक्या लवकर जाते तितकी आंबा-सुबाभळीवर जात नाही. बांबूतही सिलिका असते, शिवाय त्याच्या धांदोट्या निघून कव्हरमध्ये गुंडाळल्या जातात. म्हणून बांबूच्या बेटात चेनसॉ घालणाऱ्याला मी सरळ सांगतो, बारीक दातांची हातआरी किंवा कोयताच घे, चेन वाचेल.

दुसरं कारण माती. बाभळीचं खोड जमिनीवर पाडून तसंच तुकडे करायला घेतलं की काप पूर्ण होताना बारचं टोक जमिनीत जातं. मातीला एकदा चेन लागली तरी धार गेली, मग ती काळी माती असो की बांधीची रेताड. खोडाखाली दोन आडवे ओंडके टाका, वरून चारातले तीन हिस्से खोल कापा, मग खोड फिरवून उरलेला काप दुसऱ्या बाजूनं घ्या. एवढ्यानं चेनचं आयुष्य दुप्पट झालेलं मी पाहिलं आहे. खोडाला चिखल लागला असेल तर कुऱ्हाडीनं कापायच्या जागेची साल सोलून घ्या.

तिसरं कारण म्हणजे खिळे. धुऱ्यावरच्या झाडाला पिढ्यान् पिढ्या काटेरी तार ठोकलेली असते, आणि झाड ती गिळून टाकतं. सालीवर आडवी सुजलेली रेघ किंवा आत काळपट निळा डाग दिसला तर तिथं लोखंड आहे असं समजा आणि हातभर वर कापा. देवळाजवळच्या कडुनिंबाचं तर विचारूच नका, मागच्या वर्षी एका खोडातून सायकलच्या चाकाची तार निघाली.

धार लावायची कानस चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधलं अंतर, 3/8 किंवा .325 इंच) घ्यावी लागते. 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिमी, .325 चेनला 4.8 मिमी, मोठ्या 3/8 चेनला 5.2 किंवा 5.5 मिमी. चुकीची कानस दाताची कमान बिघडवते आणि मग कितीही घासा, चेन कापत नाही. कोन साधारण 30 अंशांचा ठेवतात. कडक, वाळलेल्या सागासाठी मी 25 अंशांवर आणतो, वेग थोडा कमी होतो पण धार जास्त टिकते. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे घेताना उचलायची. आणि मोजायचं: डावीकडच्या दाताला चार घास तर उजवीकडच्यालाही चारच. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू नेहमी चांगली लागते आणि दुसरीकडचे दात आखूड पडत जातात. तिरप्या कापाचं निम्मं कारण इथंच आहे.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. तो दात लाकडात किती खोल शिरेल हे ठरवतो. दात घासून घासून खाली येतो, उंचवटा मात्र तसाच राहतो, आणि मग धार असूनही चेन लाकडावरून घसरत जाते. दर तीन-चार धारांनंतर तो चपट्या कानशीनं थोडा उतरवायचा, दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली. फिलर गेजची पाती तुमच्या गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे असतेच. जास्त उतरवला तर मशीन झटके देते, आणि असा झटका माणसाच्या तोंडावर येतो, हे लक्षात असू द्या.

तिरपा काप: बार की चेन?

दोन्ही बाजूंचे दात सारखे करूनही काप वळत असेल तर बार बघा. लोखंडी पट्टी बारच्या अंगाला आणि चेनच्या दाताला लावून उभी धरा. पट्टी आणि बारमध्ये फट राहिली तर ठीक. पट्टी बारला चिकटली म्हणजे चेन खाचेत कलते आहे, खाच रुंद झाली आहे. बारच्या कडेला धारदार कंगोरा आलेला असतो, तो चपट्या कानशीनं काढून टाका. दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. हे सांगितलं की लोक हसतात, पण न उलटलेला बार एका हंगामात संपतो.

आणखी एक कारण मला दर महिन्याला भेटतं. गिऱ्हाईक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणतो, "18 इंची चेन द्या." चेन इंचांवर घ्यायची नसतेच. तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पिच, गेज आणि खालच्या दातांची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या, कापणाऱ्या नव्हे) संख्या. 18 इंचाच्या .325 बारला बहुधा 72 दात लागतात, 20 इंचाला 76, 22 इंचाला 86. गेज म्हणजे खाचेत बसणाऱ्या पातीची जाडी, 1.3 मिमी, 1.5 मिमी किंवा 1.6 मिमी. 1.5 च्या खाचेत 1.3 ची चेन सहज बसते, फिरतेही, दुकानदारही खूश. ती पहिल्या दिवसापासून कलते. हे आकडे बारच्या मागच्या भागावर कोरलेले असतात. तेलानं झाकले असतील तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चेनबरोबर स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजतो. साधा हिशोब: दोन चेन संपल्या की एक स्प्रॉकेट. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर नवी चेन त्याच्या मापाला झिजते.

बारचं ऑइल

मामांच्या टाकीत ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल होतं. आपल्याकडे दहातले सहा जण हेच टाकतात, फुकट असतं म्हणून. त्यात लोखंडाचा कीस असतो, ते चेनला चिकटत नाही, टोकापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातं. निळी पडलेली कड त्याचीच. चेन ऑइल मिळालं तर उत्तम, नाही तर नवं इंजिन ऑइल टाका, पण नवंच.

तपासायचं असं: मशीन चालू करून बारचं टोक एखाद्या कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरा आणि रेस द्या. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याचं ऑइलचं भोक आणि खाच सायकलच्या स्पोकनं साफ करा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळजवळ संपायला हवी. पेट्रोल संपलं आणि ऑइल अर्धं उरलं, तर आनंद मानू नका, ऑइल जातच नाही आहे.

गरम झाल्यावर बंद

चेन, बार, ऑइल ठीक असूनही मशीन बंद पडत असेल तर मग इंजिनकडे वळू. आधी बघा ती कशी बंद पडते.

पाच-दहा मिनिटं नीट चालून हळूहळू श्वास कोंडल्यासारखी मरते, थोडं थांबलं की परत चालते: पेट्रोलच्या टाकीचा हवा घ्यायचा रस्ता बंद आहे का ते बघा. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला आणि मशीन लगेच चालू झाली, तर तेच. पण तापलेल्या मशीनचं झाकण झटकन उघडू नका. आतलं पेट्रोल उकळत्या दुधासारखं उसळून अंगावर येतं. मशीन सावलीत ठेवा, थंड होऊ द्या, मग उघडा. टाकीतला नळीच्या टोकाचा फिल्टर काळा झाला असेल तरी हेच लक्षण दिसतं.

उन्हाळ्यात काम थांबवून जेवायला बसलात आणि उठल्यावर मशीन सुरूच होत नाही: मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या पुढे जातो, बंद केलेल्या इंजिनची आच कार्बरेटरला लागून पेट्रोलची वाफ होते. बंद करण्याआधी एक मिनिट मंद चालू द्या, आणि सावलीत ठेवा. अशा वेळी चोक ओढून दोरी ओढत बसलात तर प्लग ओला होतो. प्लग काढा, पुसा, ओढलेला चोक परत जागेवर ढकलून दोरी सात-आठ वेळा मोकळी ओढा, मग प्लग लावा. गॅप 0.5 मिमी.

ताकदच लागत नाही, धूर फार: एअर फिल्टर भुशानं कोंडलेला आहे, किंवा सायलेन्सरच्या तोंडाची जाळी कार्बननं बुजली आहे. दोन्ही कामं घरी होतात.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात महिनाभर डब्यात पडलेल्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात पाणी खाली बसतं. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ जळतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणजे इंजिन आधीच जरा जास्त तापतं. त्यात एखादा हौशी कार्बरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगात पेट्रोल किती जाईल हे ठरवणारा) आत पिळतो, कारण आवाज चढतो आणि मशीन तेज वाटते. तेज वाटते ती शेवटची. टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल) 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलं आहे ते, आणि मापाच्या बाटलीनं, झाकणानं अंदाज नको. तेवढंच मिसळा जेवढं पंधरा दिवसांत संपेल. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाही तर कार्बरेटरचा रबरी पडदा कडक होतो आणि पुढच्या दिवाळीत तुम्ही परत माझ्याकडे.

प्लग काढून रंग बघायची सवय लावा. चहासारखा तपकिरी असला तर ठीक. पांढरा असला तर लगेच थांबा, मिश्रण पातळ आहे. शंका असेल तर सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पिस्टन बघा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर घरचा उपाय संपला.

नवी घ्यायची असेल तर

मामांनी 22 इंची का घेतली होती? "मोठं झाड आलं तर?" म्हणून. त्यांच्या वावरातल्या सर्वांत मोठ्या बाभळीचा घेर मी विचारला. म्हणाले, तीन-साडेतीन फूट. आपल्याकडे झाड घेरानं मोजतात आणि मशीन व्यासानं कापते, गोंधळ इथं होतो. घेराला 3.14 नं भागा. साडेतीन फुटांच्या घेराचा व्यास साडेतेरा इंचही नाही. आणि दोन्ही बाजूंनी काप घेता येत असल्यानं 16 इंची बार त्याहून बराच जाड बुंधाही पाडतो. लांब बार म्हणजे लांब चेन, जास्त घर्षण, जास्त दात एकाच वेळी लाकडात. तेवढं ओढायची ताकद त्या इंजिनमध्ये नव्हती, म्हणून ते तापत होतं. रोगाचं मूळ कार्बरेटरमध्ये नव्हतं, खरेदीत होतं.

माझा हिशोब असा: घरचं सरपण आणि धुऱ्याच्या फांद्या यांना 35-40 सीसी आणि 14-16 इंची बार पुरतो. साग-बाभूळ नेहमी पाडायची असेल तर 50 सीसीच्या आसपास आणि 18 इंच. 22 इंची बारला 60 सीसीच्या वरचं इंजिन हवं, आणि ते वजन दिवसभर पेलायला कंबरही हवी. स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका. पुस्तकात बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दिलेले असतात. 45 मिमी बोअर आणि 34 मिमी स्ट्रोक असेल तर ते साधारण 54 सीसी होतं, बाहेर काहीही छापलेलं असो. शक्य असेल तर किलोवॅटवर, म्हणजे ताकदीवर, तुलना करा. चेन ब्रेक पुढच्या हाताच्या पट्टीनं खरंच लागतो का, हे दुकानातच बघा.

आणि सगळ्यात आधी विचारा, कार्बरेटरचा पडदा, चेन, स्प्रॉकेट आणि स्टार्टरची दोरी तालुक्याला मिळते का? स्वस्त मशीन तिच्या स्वस्त भागांमुळेच परवडते. भाग नागपूरहून मागवायचे असतील तर ती महाग मशीन आहे.

वरुड, मोर्शी, काटोलकडचे संत्रावाले सल काढायला चेनसॉ विचारतात. संत्र्याची वाळलेली बोटभर काडी काढायला पेट्रोलची मशीन म्हणजे मुंगीवर हातोडा. कैची, छोटी वळलेली आरी, किंवा फार झाडं असतील तर बॅटरीवरची छोटी मशीन घ्या. बॅटरी दोन घ्या, एक बांधावर चालत असताना दुसरी घरी चार्ज होते. काप मोठा पडला तर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची, हे त्यांना मी काय सांगणार.

एक गोष्ट मात्र यंत्राबाहेरची. उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा असतोच. तो चेनसॉ चालवताना काढून ठेवा किंवा शर्टात खोचा. शिडीवर चढून चेनसॉ चालवू नका. वरून वीजतार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्या. आणि जंगलाला लागून वावर असेल तर एकटे जाऊ नका. मशीनच्या आवाजात मागून वाघ आला तरी कळत नाही, आपल्या भागात हे गमतीनं सांगायचं वाक्य नाही. एक माणूस फक्त आजूबाजूला बघायला उभा ठेवा.

मामांच्या मशीनला मी 18 इंची बार आणि 72 दातांची चेन बसवली, स्प्रॉकेट बदलला, टाकीतलं काळं ऑइल सांडून टाकलं. 22 इंची बार ते घरी घेऊन गेले, म्हणे ठेवतो. महिन्याभरानं परत आले तेव्हा मी विचारलं, "आता काय झालं जी?"

"काही नाही झालं," त्यांनी झिजलेली कानस टेबलावर ठेवली, "हे दुसरी द्या, 4.8 ची."